नवरदेवाला देखणं करू का

पुन्नक्कडवू, जि. कोट्टयम
६ जानेवारी २०१९

ती. एलिश्वाआत्येस,
चुम्मारचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुमच्या मठाचा फोन मदर सुपीरियरच्या टेबलावर, तोही स्पीकरवर, आणि शेजारी सात सिस्टर मटार सोलत बसलेल्या. मला जे सांगायचंय ते त्या मटारात पडायला नको. वाच आणि चुलीत घाल. बिबियाना सिस्टरना दाखवलंस तर चालेल. तू दाखवणारच.

मी नर्सिंग कॉलेज सोडलं. अप्पा सगळ्यांना सांगतात की मंगळूरचं पाणी मला सोसलं नाही. पाणी चांगलं होतं. सोसलं नाही ते अंतर. माझं सुमेषवर प्रेम आहे, आत्या. सुमेष म्हणजे आपल्या कुट्टप्पन न्हाव्याचा मुलगा, होडीच्या धक्क्याजवळ ज्याचं अलंकार सलून आहे तो. मला दाढी येते आठवड्यातून एकदा करण्यापुरती, ती मी तीनदा करून घेतो. मंगळूरला दीड वर्ष दुसऱ्या कुणाचा हात डोक्याला लागू दिला नाही. केस खांद्यापर्यंत आले. वॉर्डातल्या म्हाताऱ्या मला साधू समजून हात जोडायच्या, इंजेक्शन दिलं की फसवल्यासारख्या बघायच्या.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी अप्पांना सांगून टाकलं. बदकाचं कालवण जेवून खुशीत होते. म्हटलं, माझं एका ठिकाणी मन आहे. अप्पांनी विचारलं, मुलगी कोणत्या चर्चची. मी म्हटलं, मुलगी नाही, मुलगा. अप्पा बराच वेळ दात कोरत राहिले. मग म्हणाले, बरं, मुलगा कोणत्या चर्चचा. मी म्हटलं, चर्चचा नाही, देवळाचा. तेव्हा कुठे ते खुर्चीत मागे कोसळले. माझं मत असं की पहिला धक्का त्यांनी पचवला होता.

मी तावातावाने म्हटलं, आता कोर्टानेही मान्य केलंय. तर म्हणाले, कोर्टाचं काय जातंय, कोर्टाला कुठे दर रविवारी चर्चबाहेर चार माणसांत उभं राहायचंय. अम्मा चहा ओतत होती, ती ओततच राहिली, बशी भरून टेबलावर आला. मग एवढंच विचारलं, म्हातारपणी आजारी पडलास तर तुला पेज करून कोण घालणार.

सुमेषचं नाव मात्र मी सांगितलेलं नाही. त्यांच्या घराण्याला आपल्या लग्नांत नवरदेवाची दाढी करण्याचा पिढ्यानपिढ्यांचा मान आहे, तो माझ्यापायी जायला नको. उद्या मला पाच दिवसांच्या ध्यानशिबिराला पाठवतायत. फादरनी सुचवलं. डोकं नुसतं उकळतंय. काय करू ते लिही.

माया पातळ करू नकोस.
तुझा,
चुम्मार


वायनाड
१२ जानेवारी

येशूची स्तुती असो.
चि. चुम्मार यास एलिश्वाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र चुलीत घालता आलं नाही, आमची चूल आता गॅसची आहे. बिबियानाला दाखवलं नाही, तिनेच मला वाचून दाखवलं, कारण चष्मा आम्हा दोघींत एक आणि हा आठवडा तिचा. साधूच्या जागी ती इतकी हसली की बाहेरून मदरनी विचारलं, कोणत्या संताचं चरित्र चाललंय.

आता माझं ऐक. सोळाव्या वर्षी मी म्हटलं, मला लग्न करायचं नाही. घरात दोन दिवस रडारड झाली आणि तिसऱ्या दिवशी केक कापला. कारण मी देवाचं नाव घेतलं होतं. इथे आम्ही चौतीस बायका एका छपराखाली राहतो, बिबियाना एकतीस वर्षं पावाची कड माझ्या ताटात टाकते कारण मला ती आवडते, आणि आम्हाला बघून लोक रस्त्यात थांबून आशीर्वाद मागतात. तू तेच म्हणालास तर कोसळायला खुर्ची लागली. जत्रेत आपल्याकडचे बाप्ये एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरतात, ते कुणाला दिसत नाही. दिसायला लागतं ते त्यातल्या एकाने लग्नाला नाही म्हटल्यावर. मग पुरुषमंडळी म्हणतात पाप, आणि बायका म्हणतात पेज कोण घालणार. भीती एकच आहे रे, एक वेदीकडून येते आणि एक चुलीकडून.

मला सगळं पटलंय असं समजू नकोस. पुस्तकात काय लिहिलंय ते मी रोज वाचते, आणि इतकी वर्षं शिकवलेलं एका पत्राने पुसलं जात नाही. पण तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू माझ्याच हातात होतास आणि माझ्या झग्यावर ओकला होतास. त्या पोराला नरकात जाताना बघणं मला जमणार नाही. शिवाय तिथे तुझ्या अप्पांचे पत्ते खेळणारे मित्र आधीच जागा धरून असतील, तुला कंटाळा येईल.

डोकं थंड ठेव. रागात कशालाही हो म्हणू नकोस. आणि कॉलेज पुरं कर, प्रेमाने कुणाला नोकरी लागत नाही.

प्रार्थनेत आहेसच, पत्रातही राहा.
तुझी,
आत्या (सि. एलिश्वा)


पुन्नक्कडवू
३१ जानेवारी

ती. आत्येस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळायच्या आदल्या दिवशी मी रागात हो म्हणून बसलो.

क्रमाने सांगतो. शिबिरात मला पुरुषांपासून सोडवायला नेलं आणि दोनशे पुरुषांच्या हॉलमध्ये झोपवलं. खाटेला खाट लागून. सकाळी सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारून बंधू म्हणायचं. शेवटच्या दिवशी विचारलं, काही बदल जाणवतो का. मी म्हटलं, खूप ओळखी झाल्या.

इकडे अप्पांचा तपास चालू. देवळाचा मुलगा एवढाच धागा. आधी देवळात चेंडा ढोल वाजवणाऱ्याशी बोलणं बंद केलं. मग बसच्या कंडक्टरवर संशय, म्हणून होडीने जाऊ लागले. मग नारळ उतरवणाऱ्या सजीवनला येऊ नको म्हणाले. आता नारळ आपल्या मर्जीने पडतात आणि अम्मा डोक्यावर पातेलं धरून अंगण ओलांडते. आणि या सगळ्यात अप्पांनी विश्वासाने कुणाला बोलावलं असेल? सुमेषला. त्याला ओट्यावर बसवून म्हणाले, तू शहाणा मुलगा आहेस, आमच्या चुम्मारवर जरा नजर ठेव. सुमेषने मान खाली घालून सांगितलं, ठेवतो. आत्या, तो खोटं बोलला नाही.

मग भांडण झालं. चर्चच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याच्या डोक्याला सुमेषने पंधरा मिनिटं तेल चोळलं. मला कधी दहाच्या वर नाही. मी भर दुकानात गळ्यातला टॉवेल फेकला आणि घरी येऊन अप्पांना म्हटलं, करा कुणाशीही लग्न. अप्पा वाटच बघत होते. मुलगी अतिरंपुऴची, जिन्सा नाव, नर्स. चहा पाहुणचार झाला, शब्द दिला गेला, २५ फेब्रुवारीला लग्न, कारण मग पन्नास दिवसांचा उपवासकाळ लागतो. सगळं अकरा दिवसांत.

आता राग उतरलाय. सुमेष म्हणतो, क्लॅरिनेटवाल्याला कोंडा होता. पण आत्या, तू फक्त चित्र डोळ्यांसमोर आण. आदल्या संध्याकाळी मांडवात मी पाटावर बसलेला. कुट्टप्पनकाकांचे हात थरथरतात म्हणून मान आता सुमेषचा. तो वस्तरा घेऊन उभा राहणार आणि सगळ्या मंडळींना, जुन्या राजाने आपल्या समाजाला दिलेल्या सतरा मानांची आठवण देत, तीनदा विचारणार, सतरा मानांच्या थोरांना विचारतो, नवरदेवाला देखणं करू का. आणि मला दुसरीसाठी देखणं करणार. आजवर कधी कुणी या प्रश्नाला नाही म्हटल्याचं ऐकलंयस?

तू ये. तू असलीस तर माझ्या तोंडून शब्द निघेल.

तुझा,
मूर्ख चुम्मार


वायनाड
५ फेब्रुवारी

येशूची स्तुती असो.
चि. चुम्मार यास,

आशीर्वाद या खेपेला अर्धाच. उरलेला त्या मुलीला लिहून खरं सांगितल्यावर मिळेल. ती जिन्सा म्हणजे तू गळ्यातून काढून फेकायचा टॉवेल नाही. कोंडा तुझ्या डोक्याच्या आत आहे. आज लिही, उद्या नको.

रजा मागितली होती. मदर म्हणाल्या, भाच्यांच्या लग्नांना सोडायचं तर मठ रिकामा होईल. मी येऊ शकत नाही. तुझा शब्द तुलाच काढावा लागेल. असं कुणी नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, पण तीनदा विचारतात म्हणजे कुणीतरी कधीतरी उत्तर देईल असं विचारणाऱ्यांना वाटत असणार.

बिबियाना तुझ्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना म्हणतेय. कशासाठी ते मदरना सांगितलेलं नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आत्या


पुन्नक्कडवू
१२ फेब्रुवारी

सिस्टर एलिश्वा, म्हणजे आमची कुंजेली, हीस
कुर्याळाचा आशीर्वाद.

सोबत पत्रिका. चुम्मारचं ठरलं. मध्ये त्याच्या डोक्यात काही भलतं शिरलं होतं, ते पोटातल्या जंतांसारखं असतं, निघून जातं. तपशील विचारू नकोस, तू सिस्टर आहेस.

तीनशे माणूस धरलंय. बदकं सांगितली आहेत. सगळी धावपळ सुमेषच्या जिवावर चाललीय. कुट्टप्पनचं पोर म्हणजे सोनं आहे. मांडवाचे बांबू त्याने आणले, आणि नारळ उतरवायला माणूस नव्हता तर स्वतः चढला. परवा चुम्मारला ताप भरला तर याने चुलीशी बसून पेज केली, आंब्याचं लोणचं लावून चमच्याने भरवली, मग ओल्या फडक्याने तोंड पुसलं. तुझी वहिनी अच्चम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, मी दोनदा चहा मागितला तरी हलली नाही. अशी मुलं आपल्या चर्चमध्ये का निपजत नाहीत.

तुला रजा नाही हे कळलं. वाईट वाटलं. तुझ्या वाटचं बदक मी खाईन.

तुझा भाऊ,
कुर्याळा


पुन्नक्कडवू
२२ फेब्रुवारी

ती. आत्येस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी जिन्साला लिहिलं. उत्तर आलं ते वाचून मी पायरीवर बसलो. म्हणते, मला शंका होतीच, चहाच्या दिवशी तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि माझ्या भावाच्या हेअरकटकडे सहादा. तिला आयर्लंडला नोकरी मिळालीय. तिचे वडील म्हणत होते, बिनलग्नाची मुलगी समुद्रापार पाठवणार नाही, निदान लग्न ठरलेलं हवं. म्हणून तीही माझ्याकडे न बघता हो म्हणाली होती. व्हिसाचा शिक्का पडेपर्यंत तोंड बंद ठेव, एवढीच तिची अट.

शिक्का काल पडला. पासपोर्ट आणि तिकीट तिने तांदळाच्या डब्यात लपवलंय. पण पुढचं ऐक. म्हणते, नकार माझ्या घरून जाणार नाही. मुलगी नाही म्हणाली तर मुलीत खोट. मुलाकडच्यांनी गुपचूप मोडलं तरी लोक म्हणणार मुलीत खोट. तेव्हा तुमच्याच मांडवात, सगळ्यांसमोर, खोट तुझ्यात आहे हे दिसेल असं मोड. आणि मोडलं नाहीस तर मी चर्चमध्ये येईन, लग्न करीन, आणि तुला आयर्लंडला नेऊन जन्मभर भांडी घासायला लावीन. आत्या, ही मुलगी हे करेल.

म्हणजे रविवारी संध्याकाळी सुमेषने विचारलं की मी उभं राहून नाही म्हणायचं. रोज परसात केळीसमोर सराव करतो. केळीला मी फार ठामपणे नाही म्हणतो.

माझ्यावर भरवसा ठेव, मी ठेवलेला नाही.
चुम्मार


पुन्नक्कडवू
२६ फेब्रुवारी

ती. आत्येस, आणि बिबियाना सिस्टरनाही,
चुम्मारचा सा. न. वि. वि.

मी काही बोललो नाही. आधीच सांगतो, म्हणजे तू उगाच माझा अभिमान बाळगत वाचणार नाहीस.

मांडव भरलेला. पुढे अप्पा, मोठे काका, फादर, बाकी बाप्ये. मागे समईपलीकडे बायका. मी पाटावर, खांद्यावर पांढरं उपरणं. सुमेष आला, त्याने नवा शर्ट घातला होता, माझ्याकडे बघितलं नाही. पहिल्यांदा विचारलं, सतरा मानांच्या थोरांना विचारतो, नवरदेवाला देखणं करू का. नेहमीसारखे सगळे गप्प. मी तोंड उघडलं, त्यातून हवा आली. दुसऱ्यांदा विचारलं. मी उठायला गेलो तर पायाला मुंग्या. तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज चिरकला, आणि वस्तरा माझ्या गालापासून दोन बोटांवर येऊन थांबला.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, नको.

अम्मा होती. हातात खोबऱ्याचं वाटण, पदर खोचलेला. पुढे आली आणि सुमेषला म्हणाली, मी परवानगी देत नाही. याच्या गालाला हात लावायचा असेल तर जन्मभर लाव, उद्याच्या एका दिवसासाठी नको.

चुलीवरची बदकं शिजताना ऐकू येत होती. आधी कुणाला अर्थच लागला नाही. मग अप्पांना लागला, कारण त्यांनी एकदा सुमेषकडे पाहिलं, एकदा नारळाच्या झाडाकडे, आणि हळूच खाली बसले. मोठे काका उठले आणि म्हणाले, बाईचं नाही सतरा मानांत धरत नाहीत. त्यावर शेजारच्या साराम्मावहिनी म्हणाल्या, परवापासून वाटणं करतोय त्या आम्ही जर गणतीत नसू तर जेवायला वाढतानाही आम्हाला धरू नका. मग फादरना विचारलं, नियम काय. फादर म्हणाले, पुस्तक बघावं लागेल. कोपऱ्यातून कुट्टप्पनकाका म्हणाले, त्यात बघायचं काय, सत्तर नवरदेव केले, उत्तर पहिल्यांदाच आलं, उत्तर नाही असं आलं की वस्तरा पेटीत. आणि त्यांनी सुमेषकडून वस्तरा घेऊन पेटीत ठेवला.

मग मला आवाज फुटला. उभा राहून ओरडलो की जिन्सात काहीही खोट नाही, सगळी खोट माझ्यात आहे. साराम्मावहिनी म्हणाल्या, बाळा, ते आम्हाला कळलं, खाली बस.

फादरना खूप वाईट वाटलं, आणि सर्वांत आधी तेच जेवायला बसले. जिन्साच्या घरचे आले, आरडाओरडा झाला, तिच्या आईने अख्ख्या गावाला सांगितलं की आमचं घर वेड्यांचं आहे. जिन्सा मागे उभी राहून फार छान रडत होती. गुरुवारी तिचं विमान.

रात्रीची भांडी घासताना अम्माला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं. म्हणाली, ज्याला दाढी येत नाही तो आठवड्यातून तीनदा पावडरचा वास घेऊन घरी येतो, शर्ट मी धुते. मग म्हणाली, पण मी त्यासाठी बोलले नाही. मी अडलेल्यांच्या संत यूदाला नवस केला होता, पोराला पेज घालणारं माणूस दाखव. त्यांनी दाखवलं. दाखवल्यावर मी नाही बघितलं म्हणणं बरं दिसत नाही. आता संत यूदाला हे माहीत होतं का हे मी तिला विचारलं नाही.

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. अलंकार सलूनसमोरून जाताना छत्री आडवी धरतात. दाढी कुणाकडूनच करत नाहीत. लोकांना सांगतात, उपवासकाळाचं व्रत आहे. अजून उपवास सुरू झालेला नाही.

अर्धा आशीर्वाद राहिलाय, तो पाठव.
तुझा,
चुम्मार


पुन्नक्कडवू
२० एप्रिल, पवित्र शनिवार

कुंजेलीस कुर्याळाचा आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही कारण दाढी खाजत होती, आणि खाजताना माणसाने लिहू नये.

तुला सगळं आधीपासून ठाऊक होतं हे अच्चम्माने सांगितलं. मठात राहून तू फार पुढे गेलीस. मला काही पटलेलं नाही. फादरनाही नाही, ते माझ्याबरोबर पत्ते खेळताना तसं दोनदा म्हणाले. तू लिहितेस, तू सोळाव्या वर्षी नाही म्हणालीस तेव्हा केक कापला. तो केक आणायला चार मैल मीच गेलो होतो. ते वेगळं होतं. कसं वेगळं ते मी सध्या विचार करतोय.

सजीवनला पुन्हा बोलावलंय. त्याची माफी मागितली, कशाबद्दल ते सांगता आलं नाही. चुम्मार जूनपासून पुन्हा कॉलेजला जाणार, कोट्टयमलाच. मंगळूरचं पाणी त्याला सोसत नाही.

आता दाढीचं. उपवास आज संपतो, उद्या ईस्टर, दाढी घेऊन चर्चला गेलो तर लोक कारण विचारणार. घरी करायला घेतली तर दोन ठिकाणी कापलं. माझ्या डाव्या गालावर फणसाच्या कोयत्याची खूण आहे, तिच्याभोवती वस्तरा कसा फिरवायचा ते कुट्टप्पनच्या घराण्यालाच ठाऊक. तरी गावातल्या दुसऱ्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, अंकल, खाली टोकदार ठेवू का. उठून आलो.

मग दुपारी अलंकारमध्ये गेलो. आपला चिरंजीव तिथे केस झाडत होता, मला बघून झाडू घेऊन मागच्या दाराने पळाला. मी खुर्चीत बसलो. सुमेषने फडकं बांधलं, साबण लावला, वस्तरा घेतला आणि उभाच राहिला. मग म्हणाला, सतरा मानांच्या थोरांना विचारतो, कुर्याळाअप्पांना देखणं करू का.

दुकानात सतरा कुठले, मी, तो आणि भिंतीवरचं कॅलेंडर. मी कॅलेंडरकडे बघत बसलो. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी डोळे मिटले. मागच्या दाराबाहेर झाडू थांबला होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा हात थरथरत होता, आणि थरथरत्या हातात गळा देणं बरं नाही, म्हणून मी म्हटलं, कर.

दाढी चांगली झाली. खुणेला धक्का लागला नाही.

अच्चम्माने उद्यासाठी अप्पमचं पीठ जास्त भिजवलंय. पाट चार मांडलेत, आम्ही माणसं तीन. कोण येणार ते मी विचारलेलं नाही.

बिबियाना सिस्टरना नमस्कार. चष्मा एक आहे असं ऐकलं. दुसरा पाठवू का, की नको?

तुझा भाऊ,
कुर्याळा